जुडी, चिमूट आणि आमचा गोडा मसाला

फ्रेंच स्वयंपाक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लोणी, चीज आणि हातभर लांब पाव येतो. मसाला काही येत नाही. "त्यांच्याकडे मीठ-मिरी सोडलं तर असतंच काय?" असं आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात. युरोपची सहल करून आलेली मंडळीही बॅगेतून नेलेल्या मेतकुटाच्या आणि लसणीच्या चटणीच्या गोष्टी सांगून त्याला दुजोरा देतात. लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी सप्टेंबरपासून मी ल्योनला होते. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून मुक्कामही तेवढाच. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. मसाला त्यांच्याकडेही आहे, फक्त तो बहुतेक हिरवा आहे. आणि त्याच्यावरून ते आपल्याइतकेच हिरिरीने भांडतात!

भांडण हा शब्द मुद्दाम वापरला, कारण त्या वेळी आमच्या घरातही मसाल्यावरूनच भांडण पेटलेलं होतं. ते आधी सांगते.

माझ्या सासूबाई १९५८ साली वाईहून लग्न होऊन बडोद्याला आल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या वर्षाचा गोडा मसाला करत आल्या. आधी दांडिया बाजारातल्या जुन्या घरी, मग फ्लॅटमध्ये. तो चार घरी जातो: आमच्याकडे, पुण्याला नणंदेकडे, इंदूरला धाकट्या दिरांकडे आणि हल्ली ल्योनला. गेल्या मे महिन्यात बरण्या भरून झाल्यावर त्यांनी संधिवाताने वाकडी झालेली बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "हा शेवटचा हं. पुढच्या वर्षी तुमचं तुम्ही बघा."

झालं! कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवीन मत. नणंदेचं म्हणणं, आता निमित्त मिळालंच आहे तर मसाला 'मूळचा' करूया, त्यातली बडीशेप काढून टाकूया. गोड्या मसाल्यात बडीशेप कधी असते का? वाईच्या आजीच्या मसाल्यात नव्हती. हे बडोद्याला आल्यावर शिरलेलं खूळ आहे. जाऊबाईंना तो जरा तिखट हवा होता, कारण इंदूरच्या जिभेला आमचा मसाला मिळमिळीत लागतो. दीर म्हणाले, एवढा उपद्व्याप कशाला, बाजारात पाकिटं मिळतात. आणि मसाला यापुढे ज्या बाईला करायचा होता, म्हणजे मला, तिला कोणी काही विचारतच नव्हतं.

बडीशेप मला एरवी टोचली नसती. पण आपण बडोदेकर मराठी माणसं पुण्याला लग्नकार्याला गेलो की काय ऐकतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. "तुमचं मराठी गोड आहे हो, पण जरा गुजरातीच वाटतं." आमटीत गूळ जास्त, बोलण्यात हेल वेगळा. त्या बडीशेपेच्या चिमटीत मला हे सगळं ऐकू येत होतं. चार पिढ्या इथे काढल्यावर आम्ही 'मूळचे' उरलो की नाही, असाच तो प्रश्न होता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी ल्योनला पोचले.

तिथे क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे. पूर्वी रेशीम विणणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. तिथल्या मोठ्या रस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. लेकीला डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही दोघी तिकडे जायचो. भाजीवाल्याकडे दोऱ्याने बांधलेल्या छोट्या जुड्या दिसल्या. मला वाटलं, पूजेची पत्री! ती 'बुके गार्नी' निघाली. थाइमच्या दोन-तीन काड्या, लॉरेलचं एखाद-दुसरं पान आणि पार्सलीचे देठ, एवढंच. कोणी कांद्याच्या पातीसारख्या दिसणाऱ्या लीकच्या हिरव्या पानात हे गुंडाळून वर दोरा बांधतात, कोणी सेलरीचा दांडा घालतात. ही जुडी रश्शात किंवा कडधान्यात सोडायची, तास-दोन तास मंद आचेवर शिजू द्यायची आणि वाढायच्या आधी उचलून टाकून द्यायची. दोरा त्यासाठीच. वास मागे राहतो, काडीकचरा ताटात येत नाही. आपण खडा मसाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून भाताच्या पातेल्यात सोडतो, तीच युक्ती.

जुडीची ही पद्धत निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे. प्येर द ल्यून नावाच्या फ्रेंच स्वयंपाक्याचं पुस्तक १६५६ साली छापलं गेलं. त्यात तो अशाच एका 'पुडक्या'ची कृती देतो: डुकराच्या चरबीची पट्टी, चाइव्ह्ज, थोडं थाइम, दोन लवंगा, चर्व्हिल आणि पार्सली, सगळं दोऱ्याने बांधून. पुढे म्हणतो, उपासाच्या दिवशी चरबी वगळावी. हे लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हणजे त्यांच्याकडेही रोजचा मसाला वेगळा आणि उपासाचा वेगळा!

लॉरेलचं पान मी तमालपत्र म्हणून हातात घेतलं, पण ती दोन वेगळी झाडं आहेत. आपलं तमालपत्र दालचिनीच्या भावकीतलं. त्याच्यावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात आणि वासही दालचिनी-लवंगेकडे झुकतो. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास जास्त हिरवा, किंचित कडवट असतो. थाइम मात्र मी डोळे मिटून ओळखलं असतं. चुरडून नाकाशी नेलं की थेट ओवा! दोन्हींत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं, त्यामुळे हा नुसता भास नाही.

बाळंतिणीसाठी मी डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, ओवा-बाळंतशोपा असं सगळं रीतसर केलं. पण एक दिवस लेक म्हणाली, "आई, आज मी सांगते तसं कर." ल्योनच्या नैर्ऋत्येला ल प्यूई नावाचं गाव आहे. तिथली बारीक हिरवी मसूर प्रसिद्ध आहे. १९९६ पासून तिला कायद्याने नावाचं संरक्षण आहे, म्हणजे त्या भागात पिकलेल्या मसुरीलाच ते नाव लावता येतं. ती मसूर, एक गाजर, दोन लवंगा टोचलेला अख्खा कांदा आणि एक जुडी. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. मी मनात म्हटलं, पथ्याचं जेवण दिसतंय. पण अर्ध्या तासाने झाकण काढलं तेव्हा जो वास आला तो कुठल्याही चांगल्या आमटीच्या तोडीचा होता. जुडी काढली, वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडलं आणि आम्ही दोघींनी वाट्या पुसून खाल्ल्या.

दुसरा प्रकार अगदी उलटा. त्याला म्हणतात 'फीन-झेर्ब', म्हणजे नाजूक पाला. पार्सली, चाइव्ह्ज, टॅरागॉन आणि चर्व्हिल हे चार, ताजे आणि अगदी बारीक चिरलेले. हे शिजवायचे नाहीत. अंड्याच्या पोळीत, माशावर, बटाट्याच्या सॅलडवर शेवटच्या क्षणी घालायचे, कारण त्यांचा सुगंध उष्णतेने चटकन उडून जातो. जुडीतलं थाइम आणि लॉरेल चिवट, त्यांना वेळ लागतो. हा पाला कोवळा, त्याला वेळ सोसत नाही. आपण तमालपत्र फोडणीत टाकतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, त्यामागचं कारण तेच. लसूण आणि पार्सली एकत्र चिरून 'पर्सीयाद' करतात, तीही बहुधा शेवटीच पडते.

आम्हा शाकाहारी माणसांना फीन-झेर्बची गोडी लावली ती एका विचित्र नावाच्या पदार्थाने. 'सर्व्हेल द कान्यू', म्हणजे 'विणकऱ्याचा मेंदू'! घाबरू नका, त्यात मेंदू नाही. पांढरं ताजं चीज, जवळजवळ आपला चक्काच. त्यात चाइव्ह्ज, पार्सली, बारीक छोटा कांदा, मीठ, मिरी, थोडं तेल आणि व्हिनेगर. रेशीम विणणाऱ्या गरिबांचं हे खाणं, आज ल्योनचा मानाचा पदार्थ. बडोद्याला परतल्यावर मी चक्क्यात कोथिंबीर, कांद्याची पात आणि थोडा शेपू घालून करते. भाकरीबरोबर फार छान लागतो.

फीन-झेर्बमधल्या टॅरागॉनने मात्र मला विचारात पाडलं. बारीक, लांबट पानं, आणि चावलं की जिभेवर बडीशेप! हो, बडीशेपच. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींच्या गॅलरीत त्याची कुंडी होती. मी लेकीला म्हटलं, बी माग, बडोद्याला नेऊन लावून बघते. लेकीने विचारलं तर आजी हसल्या. अस्सल फ्रेंच टॅरागॉनचं बी रुजत नाही. बियांची पाकिटं मिळतात ती रशियन जातीची, दिसायला तशीच पण वासाला फिकी. फ्रेंच जात मुळांचा तुकडा तोडून किंवा फांदी लावूनच वाढते. त्यामुळे ती शेकडो वर्षं एका घरातून दुसऱ्या घरात हातानेच गेलेली आहे. त्यांनी लेकीला एक तुकडा कागदी पेल्यात लावून दिला. विमानातून माती आणायला परवानगी नाही, म्हणून मी तो नाद सोडला. लेकीच्या गॅलरीत मात्र तो जगला.

आता तिसरा प्रकार, आणि भांडण इथेच आहे. 'एर्ब द प्रोव्हान्स', म्हणजे दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स प्रांताचा वाळवलेला मिश्र पाला. आपल्याकडेही मॉलमध्ये बाटलीत मिळतो. मी समजत होते, हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला मसाला असणार. प्रोव्हान्सच्या खडकाळ, चुनखडीच्या माळांवर थाइम, रोझमेरी, सॅव्हरी आपोआप उगवतात आणि तिथल्या बायका ती पिढ्यान् पिढ्या वापरत आल्या, हे खरंच. पण त्या हाताला येईल ते घेत. अमुक पाला अमुक प्रमाणात, असा ठरलेला मसाला त्या नावाने बाटलीत बसला तो १९७० च्या दशकापासून, व्यापाऱ्यांच्या हातून. आणि ते नाव कोणाचंच राखीव नाही. त्यामुळे दुकानातल्या बहुतेक बाटल्यांमधला पाला प्रोव्हान्समधला नसतोच, तो पूर्व युरोपातून किंवा उत्तर आफ्रिकेतून येतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मिश्रणात लॅव्हेंडरची फुलंही असतात. प्रवाशांना प्रोव्हान्स म्हटलं की जांभळी शेतं आठवतात ना! तिथल्या जुन्या स्वयंपाकात मात्र लॅव्हेंडर घालत नसत.

मग तिथल्या शेतकऱ्यांनी काय केलं? 'लाबेल रूज' हे सरकारमान्य दर्जाचं चिन्ह मिळवलं, आणि २००३ पासून त्या चिन्हाच्या मिश्रणाचं माप ठरून गेलं: रोझमेरी २६ टक्के, सॅव्हरी २६ टक्के, ओरेगानो २६ टक्के, थाइम १९ टक्के आणि बेसिल ३ टक्के. बेसिल म्हणजे ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा, तुळशीचा जवळचा नातलग.

हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि बराच वेळ बघत बसले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. माप लिहिलं नसतं तर बाहेरच्या स्वस्त मालाने त्यांना खाऊन टाकलं असतं. पण त्या माळरानावरच्या कुठल्या आजीने २६ टक्के मोजून घातले असतील? म्हणजे 'मूळचं' म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला, ते मुळात कोणीच तसं करत नव्हतं. आणि तरीही तो शिक्का खोटा नाही. माल तिथलाच, वासही तिथलाच.

आपल्या देशाशी नातं असलेला एक मसालाही तिथे भेटला. 'व्हादूव्हां' असं नाव वाचून मी बाटली उघडली तर मेथी, मोहरी, कढीपत्ता आणि तळलेल्या कांदा-लसणीचा वास. पुदुच्चेरी १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं. तिथल्या तमिळ घरांत कांदा, लसूण, उडदाची डाळ, मोहरी, मेथी वगैरे कालवून गोळे उन्हात वाळवतात आणि फोडणीला वापरतात. त्याला म्हणतात वडगम. आपल्या सांडग्यांचा लांबचा भाऊ. फ्रेंचांच्या जिभेवर वडगमचं व्हादूव्हां झालं, आणि आता पॅरिसचे बडे स्वयंपाकी तो माशावर आणि भोपळ्याच्या सूपमध्ये घालतात. त्याला शुद्ध तमिळ म्हणायचं की फ्रेंच? मी त्या बाटलीचा फोटो ग्रुपवर टाकला. नणंदेने नुसता अंगठा दाखवला.

नोव्हेंबरअखेर परतले तेव्हा मनाशी दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. मसाल्याचं माप लिहायचं, कारण सासूबाईंचा हात उद्या नसेल आणि चार घरांतली पोरं पाकिटावर जातील. आणि माप लिहिताना काही काढायचं नाही, आधी जे आहे ते लिहायचं. काढायचं की ठेवायचं ते मागाहून बघू.

या एप्रिलमध्ये नणंदेला मुद्दाम बोलावून घेतलं. ती आली, तोंड जरा फुगवूनच. जाऊबाई इंदूरहून आल्या. ल्योनहून लेक फोनच्या पडद्यावर, मांडीवर पाच महिन्यांची नात. सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी नेहमीसारखं डब्यातून अंदाजाने ताटलीत ओतायचं आणि मी ती ताटली वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहायचा, असं ठरलं. धणे अर्धा किलो. सुकं खोबरं १८० ग्रॅम. तीळ ९०. मग जिरं, शहाजिरं, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, तमालपत्र, मिरी, हळकुंडं, हिंगाचा खडा. प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा किंवा भाजायचा, हे सासूबाई दर पाच मिनिटांनी बजावत होत्या. दगडफूल तेलात नुसतं दाखवायचं, तीळ तडतडेपर्यंतच.

शेवटी बडीशेप. सासूबाईंनी डबा उघडला आणि चिमटी-चिमटीने ताटलीत टाकली. काट्यावर आकडा आला २०. किलोभर मसाल्यात २० ग्रॅम! प्रोव्हान्सच्या मसाल्यातल्या बेसिलपेक्षाही कमी. एवढ्यासाठी वर्षभर रामायण! मी काही बोलले नाही.

नणंदच बोलली. "आई, खरं सांग. वाईच्या आजीच्या मसाल्यात ही नव्हती ना?"

"नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

"मग तू कशाला घातलीस?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या वेळेला मला दगडफुलाचा वास सोसेना. मसाला करायला बसले की उलट्या. उन्हाळा संपत आला तरी घरात मसाला नाही, आणि वाईला कळवायची लाज. खालच्या गुजराती काकी वर आल्या, म्हणाल्या, वहू, तू सरक. त्यांनी सगळं भाजून दिलं. दगडफूल निम्मं केलं आणि थोडी वरियाळी टाकली, म्हणजे वास मऊ होईल. त्या वर्षीचा मसाला मला खाता आला. मग दगडफूल पुन्हा वाढवलं, पण ती राहिली."

स्वयंपाकघरात कोणी बोललं नाही. फोनवर नात तेवढी काहीतरी गुणगुणत होती. नणंद उठली, ताटलीतली बडीशेप कढईत टाकली आणि परतायला लागली. आच जरा मोठी होती. सासूबाईंनी तिला ती कमी करायला लावली.

मसाला दळून आणला. माप आता चार घरांत लिहिलेलं आहे. खाली एक ओळ सासूबाईंच्या सांगण्यावरून घातली आहे: 'तिखट ज्याने त्याने आपल्या घरी वाढवावे.' जाऊबाई खूश. नणंदेने पुण्याच्या भिशीत सगळ्यांना सांगितलं म्हणे, की आमच्या गोड्या मसाल्यात बडीशेप असते, ती बडोद्याची रीत आहे. ही बडोद्याची रीत नाही, एका घरची आहे, हे मी तिला कळवायच्या भानगडीत पडलेले नाही.

लेकीचा परवा फोन होता. टॅरागॉन थंडीत पार वाळून गेलं होतं, ते पुन्हा फुटलं आहे. तिने त्याचा तुकडा तोडून नागपूरच्या एका मैत्रिणीला दिला. आणि ल प्यूईच्या मसुरीत आता ती जुडीही घालते आणि उतरवताना चमचाभर गोडा मसालाही. फ्रेंच लोक काय म्हणतील, असं मी विचारलं. म्हणाली, "दोनदा घेऊन खातात."